इंग्लंडात जुनी इस्टेट गाडी घेताना: ॲव्हरेज, डिकी आणि कागदपत्रं

"ॲव्हरेज किती देते?" आपल्याकडे गाडीचा विषय निघाला की हा प्रश्न पहिला येतो. रेडिंगला आल्यावर पहिली जुनी गाडी घेताना मीही तोच विचारला. समोरच्याने माहितीपत्रकातला, गॅलनला साठ मैलांच्या पुढचा आकडा सांगितला, मी तो वहीत लिहून घेतला आणि डिझेलवरची एक इस्टेट घेऊन घरी आले. माझं रोजचं चालवणं म्हणजे मुलीची नर्सरी, स्टेशन आणि आठवड्याचं सामान. प्रत्येक फेरा दोन-तीन मैलांचा. पंधरा महिन्यांत सायलेन्सरच्या वाटेवरची काजळीची गाळणी तुंबली आणि ती बदलायला १,३०० पौंड गेले. इंधनात वाचवलेलं सगळं त्या एका बिलात गेलं. गाडीत खोट नव्हती. ती लांब पल्ल्यासाठी बनवलेली होती आणि मी तिला गल्लीबोळात फिरवत होते.

दुसरी गाडी घ्यायला मी चार महिने लावले. तेव्हाची टिपणं अजून माझ्याकडे आहेत आणि नव्याने आलेलं कुणी ना कुणी दर दोन महिन्यांनी ती मागतं, म्हणून नीट मांडून ठेवते आहे. इथे लिहिलेलं इंग्लंडला धरून आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये जवळपास सगळं हेच लागू पडतं.

इस्टेट म्हणजे आपण जिला स्टेशन वॅगन म्हणतो ती. पुढून हॅचबॅकसारखी, मागे छत सरळ शेवटपर्यंत नेलेलं, त्यामुळे डिकी ऐसपैस. आपल्याकडे हा प्रकार फारसा रुजला नाही. १९९२ मध्ये आलेली, पुण्यात बनणारी टाटा इस्टेट चाळिशीपुढच्यांना आठवत असेल. नंतर बलेनो अल्टुरा आली, इंडिगो मरीना आली आणि दोन्ही गेल्या. म्हणूनच इथे आल्यावर आपली माणसं सवयीने उंच एसयूव्ही शोधतात. पण गाडी जितकी उंच, तितकी ती हवेशी जास्त झगडते, आणि मोटरवेवर ताशी ७० मैलांना इंधन मुख्यतः त्या झगड्यातच जळतं. इस्टेटची डिकी एसयूव्हीएवढी किंवा मोठीच असते आणि इंधनाची भूक मात्र हॅचबॅकपेक्षा जरा जास्त, इतकीच. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा २३ किलोच्या चार बॅगा आणि बाळाची प्रॅम एकाच वेळी हीथ्रोहून घरी आणायची असेल, तर त्या खर्चात याहून सोयीची गाडी मला सापडलेली नाही.

१. आधी महिनाभर स्वतःचे फेरे लिहून काढा

गाड्यांच्या जाहिराती उघडण्याआधी हे करा. फोनमध्ये तारीख, अंतर आणि रस्ता कसला होता, एवढंच टिपा. गाडी अजून नसेल तर बसने, टॅक्सीने, मित्राच्या गाडीने कुठे कुठे गेलात ते लिहा. महिन्याच्या शेवटी तीन गोष्टी कळायला हव्यात: वर्षाला साधारण किती मैल होतील, त्यातले किती फेरे पाच मैलांच्या आतले आहेत आणि मोटरवेवर किती जाणं होतं.

सेल्समन तुम्हाला हे विचारत नाही. पण कोणतं इंजिन घ्यायचं याचं उत्तर याच कागदावर आहे. पुढचं सगळं त्यावर उभं राहतं, म्हणून ही पायरी कृपा करून गाळू नका.

२. मैल, गॅलन आणि लिटर यांचा हिशेब

इथे ॲव्हरेज गॅलनला किती मैल असं सांगतात. पेट्रोल मात्र लिटरने मिळतं. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो, अमेरिकन गॅलनपेक्षा मोठा, त्यामुळे अमेरिकेतल्या भावाने सांगितलेल्या आकड्यांशी तुलना करू नका. आपल्या सवयीच्या हिशेबात आणायचं तर मैलांच्या आकड्याला ०.३५४ ने गुणा. ४० म्हणजे लिटरला सुमारे १४ किलोमीटर, ५० म्हणजे १७.७ आणि ६० म्हणजे २१.२.

आता यातली एक गंमत बघा, जी कळल्यावर माझा पैशांचा अंदाज पार बदलला. वर्षाला १०,००० मैल धरा. ४० देणारी गाडी सुमारे १,१३७ लिटर पिते, ६० देणारी ७५८. फरक ३७९ लिटरचा. लिटरला १ पौंड ४० पेन्स धरले तर वर्षाला ५३० पौंड. पण ३० देणारी गाडी सोडून ४० देणारी घेतली तरीही फरक बरोबर तेवढाच, ३७९ लिटर. आणि ५० वरून ६० वर गेलात तर वाचतात जेमतेम १५२ लिटर, म्हणजे सव्वादोनशेच्या आत. तेव्हा ५२ देणारी गाडी चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर ६० च्या मागे लागून खराब गाडी पदरात पाडून घेऊ नका. आणि तुमचे मैलच वर्षाला ४,००० असतील तर विमा, टॅक्स आणि दुरुस्ती यांचा विचार इंधनाच्या आधी करा.

माहितीपत्रकातल्या आकड्यांबद्दल: २०१७ पर्यंतच्या गाड्यांचे आकडे एनईडीसी नावाच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचे आहेत आणि ते फारच आशावादी आहेत. सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि सप्टेंबर २०१८ पासून सगळ्या नव्या गाड्यांना डब्ल्यूएलटीपी ही चाचणी लागू झाली. ती वास्तवाच्या बरीच जवळ आहे. त्यामुळे २०१५ च्या गाडीचा ७० आणि २०१९ च्या गाडीचा ६० शेजारी ठेवून पहिली सरस ठरवणं चूक आहे. जुन्या चाचणीच्या आकड्यातून मी सरळ पाव भाग वजा करते.

३. इंजिन: डिझेल, पेट्रोल की हायब्रिड

डिझेल. वर्षाला १२,००० मैलांहून जास्त आणि त्यातले बहुतेक मोटरवेवर असतील तरच. अशा चालवण्याला डिझेल इस्टेटसारखी गाडी नाही, मँचेस्टरला पोचेपर्यंत काटा अर्ध्यावर येत नाही. पण डिझेलच्या धुरातली काजळी पकडणारी जी गाळणी असते, डीपीएफ, ती अधूनमधून स्वतःला तापवून साचलेली काजळी जाळते. त्यासाठी ताशी ४० मैलांच्या वर सलग दहा-पंधरा मिनिटं तरी चालवावं लागतं. रोज तीन मैल जाऊन बंद होणाऱ्या गाडीला तेवढी ऊब कधी मिळतच नाही. कुणी "आधीच्या मालकाने गाळणी काढून टाकली आहे, आता त्रास नाही" असं सांगितलं तर तिथूनच परत फिरा. फेब्रुवारी २०१४ पासून, मुळात गाळणी असलेल्या गाडीत ती नसेल तर गाडी एमओटीत, म्हणजे सक्तीच्या वार्षिक तपासणीत, नापास होते.

पेट्रोल. मिश्र चालवणं आणि कमी मैल असतील तर लहान टर्बो पेट्रोल इंजिन शहाणपणाचं. इथे एक सापळा आहे. काही लहान इंजिनांत टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये बुडून चालतो. फोर्डचं १ लिटरचं इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्यूरटेक ही त्यातली माहीत असलेली उदाहरणं. ऑइल चुकीचं घातलं किंवा वेळेवर बदललं नाही तर बेल्टचा भुगा होऊन ऑइलच्या वाटा बुजतात आणि इंजिनावरच बेतते. अशी गाडी घ्यायचीच असेल तर कोणत्या ग्रेडचं ऑइल कधी घातलं, याच्या पावत्या बघितल्याशिवाय घेऊ नका.

हायब्रिड. शहरातली वर्दळ, छोटे फेरे आणि मधूनच लांबचा प्रवास, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचं आयुष्य, यासाठी माझं मत साध्या, चार्ज न कराव्या लागणाऱ्या हायब्रिडला आहे. टोयोटाच्या पद्धतीत ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत जाते आणि सिग्नलला, रांगेत इंजिन बंद राहतं. त्यात नेहमीची क्लच प्लेट नाही, स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही. म्हणजे जुन्या गाडीत हमखास खर्च काढणाऱ्या तीन वस्तू मुळातच नाहीत. मोटरवेवर मात्र फायदा आटतो, हेही सांगायला हवं.

मागे "हायब्रिड" लिहिलेली प्रत्येक गाडी अशी नसते. "माइल्ड हायब्रिड"मध्ये छोटी मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, ती एकटी गाडी चालवत नाही. आणि प्लग-इन हायब्रिड घरी चार्जिंगची सोय नसेल तर घेऊ नका. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने ती घेतली तर जड बॅटरीचं ओझं वाहणारी पेट्रोल गाडी घेतल्यासारखं होतं.

४. नंबरप्लेट वाचायला शिका

इथल्या नंबरातले मधले दोन आकडे गाडीची नोंदणी कधीची ते सांगतात. "१७" म्हणजे मार्च ते ऑगस्ट २०१७, आणि त्यात ५० मिळवून "६७" म्हणजे सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८. यावर दोन खर्च ठरतात.

पहिला रोड टॅक्स. १ एप्रिल २०१७ च्या आधी नोंदवलेल्या गाडीचा टॅक्स ती किती कार्बन डायऑक्साइड सोडते त्यावर आहे, त्यानंतरच्या गाड्यांना सरसकट दर. २०२५-२६ च्या दराने, १०० ग्रॅमच्या आतली जुनी हायब्रिड वर्षाला २० पौंड भरते आणि त्याच मॉडेलची एप्रिल २०१७ नंतरची गाडी १९५. म्हणजे दोन "१७" प्लेटच्या गाड्या शेजारी उभ्या असल्या, एक मार्चमधली आणि एक मेमधली, तर त्यांच्यात दरवर्षी १७५ पौंडांचा फरक असू शकतो. नोंदणीची नेमकी तारीख विचारा. नवी असताना जिची किंमत ४०,००० पौंडांच्या वर होती अशा गाडीला दुसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत वर आणखी अधिभार आहे. मोठ्या व्होल्वो, मर्सिडीज बघत असाल तर हे लक्षात ठेवा.

दुसरा खर्च शहरांतल्या प्रदूषण शुल्काचा. लंडनचा यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून शुल्क घेणारं क्षेत्र, २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रशासकीय भागांत) लागू आहे. हीथ्रो त्यात येतो, वेंब्ली आणि साउथॉलही येतात. निकषात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. डिझेल युरो ६ (युरो म्हणजे गाडीच्या धुराचा युरोपीय दर्जा) हवी, म्हणजे साधारण सप्टेंबर २०१५ नंतरची. पेट्रोल युरो ४ चालते, म्हणजे साधारण २००६ पासूनची. त्या सीमेच्या आसपासची गाडी असेल तर अंदाज बांधू नका, ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा, लगेच कळतं. बर्मिंगहॅम आणि ब्रिस्टललाही अशी क्षेत्रं आहेत.

५. कोणत्या गाड्या बघाव्यात

माझ्या यादीत सगळ्यात वर टोयोटा ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स हायब्रिड होती, २०१३ ते २०१८ मधली, आणि तीच मी शेवटी घेतली. डर्बीजवळच्या बर्नस्टनच्या कारखान्यात बनलेली, डिकी ५३० लिटर. माझ्या हातात ती वर्षभराच्या सरासरीने ५४ देते, थंडीत ४९ वर येते. तिच्या जागी २०१९ मध्ये कोरोला टूरिंग स्पोर्ट्स आली. ती १.८ आणि २.० अशा दोन हायब्रिड इंजिनांत मिळते, आणि १.८ ची डिकी थोडी मोठी, ५९६ लिटर. टोयोटाच्या अधिकृत सेंटरमध्ये सर्व्हिसिंग केलं की दर वेळी बारा महिन्यांची वॉरंटी पुढे मिळते, गाडी दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची होईपर्यंत. सात वर्षांच्या गाडीला हा फार मोठा आधार आहे. जुन्या हायब्रिडच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या चोऱ्या मात्र होतात, तेव्हा रात्री गाडी कुठे लावणार ते बघा आणि त्यावर संरक्षक पत्रा बसवलेला आहे का ते विचारा.

स्कोडा ऑक्टाविया इस्टेट, २०१३ ते २०२० मधली. ६१० लिटरची डिकी, आणि ती चौकोनी, म्हणजे खरोखर वापरता येणारी. मोटरवेवाल्यांसाठी डिझेल, बाकीच्यांसाठी १ ते १.५ लिटरची पेट्रोल इंजिनं. ऑटोमॅटिक घेत असाल तर ट्रॅफिकमध्ये हळूहळू पुढे सरकवून बघा, धक्के देते का ते तिथेच कळतं. ऑक्टाविया आणि ऑरिस दोन्ही टॅक्सीवाल्यांच्या लाडक्या आहेत, त्यामुळे पुढे आठव्या पायरीत टॅक्सी ओळखायच्या खुणा दिल्या आहेत त्या वाचाच.

होंडा सिव्हिक टूरर, २०१४ ते २०१७, स्विंडनला बनलेली. मजल्याखालची जागा धरून ६२४ लिटर, आणि मागच्या सीटचा बसायचा भाग वर उचलला की तिथे उंच कुंडी किंवा सायकल उभी राहते. तिच्या १.६ डिझेलने २०१५ मध्ये युरोपीय संघातले २४ देश फिरून गॅलनला १००.३१ मैलांचा गिनीज विक्रम केला. होंडाचेच दोन अभियंते चालवत होते आणि अगदी जपून चालवत होते. तुम्हाला तो आकडा दिसणार नाही, पण लांब पल्ल्याला ही फार काटकसरी गाडी आहे. सुरुवातीच्या डिझेल युरो ५ आहेत, लंडनला जाणाऱ्यांनी २०१५ नंतरची आणि युरो ६ असलेलीच बघावी.

बाकीच्यांत किया सीड स्पोर्ट्सवॅगन चांगली: २०१८ नंतरच्या गाडीची डिकी ६२५ लिटर, आणि कियाची मूळ वॉरंटी सात वर्षं किंवा एक लाख मैल, जी पुढच्या मालकाकडे जाते. जागाच जास्त हवी असेल तर स्कोडा सुपर्ब, ६६० लिटर. जुनी फोर्ड फोकस इस्टेट स्वस्तात मिळते, पण २०१८ च्या आधीच्या मॉडेलची डिकी ४७६ लिटरच आहे.

६. विमा आणि लायसन्स: गाडी बघायला जाण्याआधी

आपल्या माणसांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. गाडी आवडते, अनामत दिली जाते आणि मग विम्याचा आकडा बघून डोळे पांढरे होतात.

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं. भारतीय लायसन्स बदलून ब्रिटिश मिळत नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि प्रॅक्टिकलची तारीख मिळायला काही महिने जातात. आल्या आल्या अर्ज करा. भारतात पंधरा वर्षं चालवलेलं असलं तरी चार-पाच शिकवण्या घ्या. राउंडअबाउटवर आणि आरशात बघण्याच्या सवयीवर आपली माणसं नापास होतात.

विम्याचा दर लायसन्स, पत्ता, वय आणि गाडी यांवर ठरतो. गाडी प्रत्यक्ष बघायला जाण्याआधीच तिचा नंबर तुलना करणाऱ्या दोन-तीन संकेतस्थळांवर टाका. आम्हाला एकाच किमतीच्या दोन इस्टेट गाड्यांसाठी वर्षाला ४१० पौंडांचा फरक आला होता. म्हणजे इंधनात जे वाचणार होतं त्याहून जास्त. नवरा-बायको दोघं चालवणार असाल तर दोघांची नावं टाकून बघा, पण जो जास्त चालवणार त्याचंच नाव मुख्य चालक म्हणून द्या. स्वस्तात पडावं म्हणून उलट करणं ही इथे फसवणूक धरली जाते आणि क्लेम नाकारला जातो.

७. घरबसल्या तपासणी

एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे याची वार्षिक तपासणी. आपल्या पीयूसीहून बरीच कडक: ब्रेक, टायर, सस्पेन्शन, दिवे, गंज, धूर सगळं बघतात. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी लागते. आणि इथली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे प्रत्येक गाडीचा एमओटीचा इतिहास सरकारच्या जीओव्ही डॉट यूके या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. फक्त नंबर टाकायचा. मी चाळीसेक गाड्यांचा इतिहास वाचला असेन, आणि त्यातल्या तीसपेक्षा जास्त बघायला न जाताच सोडल्या.

काय वाचायचं? पहिलं, दर वर्षीचे मैल. ते सारखे चढत जायला हवेत. एखाद्या वर्षी कमी झाले तर मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. वर्षाला तीस-पस्तीस हजार असतील तर टॅक्सी किंवा कुरिअर. वर्षाला हजार-दीड हजारच असतील आणि गाडी डिझेल असेल, तर तिच्या गाळणीचं काय झालं असेल ते तुम्हाला आता माहीत आहे. दुसरं, "ॲडव्हायझरी", म्हणजे पास केलं पण याकडे लक्ष द्या अशा सूचना. एक-दोन असणं नेहमीचं. पण तीच सूचना सलग तीन वर्षं दिसली तर मालक गाडीवर खर्च करत नाही हे नक्की. एक सुंदर दिसणारी निळी इस्टेट मी एवढ्यावरून सोडली: मागचे टायर झिजत आले आहेत असं दोन वर्षं लिहिलेलं होतं आणि तिसऱ्या वर्षी गाडी त्याच टायरांवर नापास झाली होती. टायरला जो जपत नाही त्याने ऑइल वेळेवर बदललं असेल असं मला वाटत नाही. तिसरं, गंज. बुडाखाली, ब्रेकच्या नळ्यांवर, सस्पेन्शनच्या सांध्यांवर गंज हा शब्द वारंवार दिसला तर पुढची गाडी बघा.

गाडी मनात भरली की दहा-वीस पौंडांची खासगी तपासणी करा. गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती चोरीची आहे का, अपघातात विमा कंपनीने मोडीत काढली होती का, हे त्यात कळतं. "कॅटेगरी एस" म्हणजे सांगाड्याला मार बसलेला, "कॅटेगरी एन" म्हणजे सांगाडा सोडून इतर नुकसान. ऑक्टोबर २०१७ च्या आधी यांना "सी" आणि "डी" म्हणत. अशा गाड्या स्वस्त दिसतात, पण नव्याने आलेल्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

८. प्रत्यक्ष गाडी बघताना

सोबत न्या: छोटी टॉर्च, २० पेन्सचं नाणं, मोजपट्टी, जुना टॉवेल, आणि तुमची प्रॅम किंवा सगळ्यात मोठी बॅग. हो, खरंच न्या. लिटरचे आकडे चाकांच्या कमानींमुळे, वरच्या उतरत्या काचेमुळे फसवतात. आमची प्रॅम एका मोठ्या डिकीत आडवी बसली नाही आणि लहान आकडा असलेल्या ऑरिसमध्ये अलगद बसली.

दिवसाउजेडी जा, पावसात नाही. ओल्या पत्र्यावर ओरखडे आणि रंगातला फरक दिसत नाही. विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी थंड असू दे. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर थंड असताना सुरू होण्याचा त्रास लपवला जातो आहे असं धरा.

इस्टेटची डिकी हा तिचा आयुष्यभर राबलेला भाग, म्हणून तिथूनच सुरुवात करा. मजला उचलून स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. ओल किंवा कुबट वास असेल तर दिव्यांच्या कडेने किंवा दाराच्या रबरातून पाणी येतं. मागचं दार अर्धं उघडून सोडा, आपोआप वर राहायला हवं. डिकीवर ओढायचा पडदा आहे का बघा, हरवलेला असेल तर नवा महाग पडतो. टो-बार असेल तर कॅराव्हॅन ओढली होती का ते विचारा, कारण क्लचचं आयुष्य त्यात जातं. आतल्या कडांवर खोल ओरखडे म्हणजे गाडी कामगाराच्या अवजारांची. कुत्र्याचे केस दिसले तर हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळची बॅटरीला थंड हवा देणारी जाळी तपासा, तिथे केस अडकून बॅटरी तापते.

टॅक्सीच्या खुणा: मागची सीट पुढच्यापेक्षा जास्त झिजलेली, मागच्या दारांचे हँडल घासलेले, काचेवर गोल किंवा चौकोनी चिकटपट्टीचा डाग, डॅशबोर्डला बुजवलेली भोकं. टॅक्सी म्हणून चाललेली गाडी वाईटच असते असं नाही, पण ते किमतीत दिसायला हवं.

टायरच्या खाचेत २० पेन्सचं नाणं उभं घाला. नाण्याची बाहेरची कड दिसत असेल तर खाच कमी उरली आहे. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. चारही टायर वेगवेगळ्या अनोळखी कंपन्यांचे असतील तर मालकाचा हात आखडता आहे. ऑइलचं झाकण उघडून आत बघा, पांढरट साय असेल तर सावध. दोन किल्ल्या आहेत का विचारा.

चाचणीसाठी चालवताना तुम्ही विमाधारक असायला हवं. डीलरकडे बहुतेकदा त्यांचा विमा असतो, खासगी माणसाकडे नसतो, तेव्हा एका दिवसाचा तात्पुरता विमा फोनवरून काढा. वीस मिनिटं तरी चालवा, आणि त्यातली काही मोटरवेवर. रेडिओ बंद ठेवा. स्टिअरिंग सैल धरल्यावर गाडी एका बाजूला जाते का, ब्रेक दाबताना थरथर होते का, चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नाही का, एवढं बघा. मन खात्री देत नसेल तर एए किंवा आरएसी या वाहनचालकांना मदत करणाऱ्या संस्थांचा तपासनीस पैसे देऊन पाठवता येतो.

९. कुणाकडून घ्यावी

पहिली गाडी असेल तर डीलरकडून घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. कंझ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे, व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीत मुळातला दोष निघाला तर ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांपर्यंत दुरुस्तीची एक संधी देऊन, तरी नीट झाली नाही तर परत करता येते. खासगी विक्रीत हे संरक्षण नाही. तिथे गाडी सांगितल्याप्रमाणे असली म्हणजे झालं. काही व्यापारी हे टाळायला खासगी मालक असल्याचं भासवतात. फोन करून नुसतं "तुमच्या गाडीबद्दल विचारायचं होतं" म्हणा. "कोणत्या गाडीबद्दल?" असं उत्तर आलं तर तो व्यापारी आहे.

किमतीवर वेगळं "ॲडमिन शुल्क" लावतात, ते आधीच विचारून घ्या. अनामत तरी क्रेडिट कार्डाने द्या. गाडीची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल तर थोडी रक्कम कार्डाने दिली तरी कंझ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ प्रमाणे पूर्ण किमतीसाठी कार्ड कंपनीही जबाबदार राहते.

१०. पैसे आणि कागदपत्रं

तुमच्याकडे हवं:
- लायसन्स आणि पत्त्याचा पुरावा (काउन्सिल टॅक्सचं बिल किंवा बँकेचं पत्रक)
- बँकेत वाढवून घेतलेली हस्तांतराची मर्यादा, नाहीतर ऐन वेळी पैसे अडकतात
- त्या दिवसापासून सुरू होणारा विमा

त्यांच्याकडून घ्यायचं:
- व्ही-५-सी, म्हणजे लॉगबुक, किंवा निदान त्याची हिरवी चिठ्ठी
- सर्व्हिसिंगची नोंद आणि पावत्या
- दोन्ही किल्ल्या
- नाव, नंबर, मैल, किंमत लिहिलेली सही केलेली पावती

लॉगबुक आपल्या आरसी बुकासारखं दिसतं, पण ते मालकीचा पुरावा नाही, गाडीची नोंद कुणाच्या नावे आहे एवढंच सांगतं. म्हणून पावती महत्त्वाची. खासगी विक्रेता असेल तर लॉगबुकावरच्या पत्त्यावर, त्याच्या घरीच गाडी बघा. पार्किंगमध्ये भेटू म्हणाला तर जाऊ नका. काचेखाली आणि दाराच्या चौकटीवर असलेला चेसिस नंबर लॉगबुकाशी ताडून बघा. लॉगबुक "डीव्हीएलएकडे (गाड्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) गेलंय, पोस्टाने येईल" असं ऐकलं तर ते आल्यावरच पैसे द्या.

विकणारा डीव्हीएलएला ऑनलाइन कळवतो, तुमच्यासमोरच कळवू द्या. तुमच्या नावाचं नवं लॉगबुक पोस्टाने येतं. आधीच्या मालकाचा रोड टॅक्स तुमच्याकडे येत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. हिरव्या चिठ्ठीवरचा १२ आकडी क्रमांक टाकून तिथेच उभ्या उभ्या फोनवरून टॅक्स भरा. विमा, टॅक्स, मग किल्ली, या क्रमाने. कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि विम्याशिवाय घरापर्यंतचे तीन मैलही महागात पडतात.

११. पहिल्या महिन्यात

ऑइल आणि फिल्टर लगेच बदलून घ्या, शेवटचं कधी बदललं याचा भरवसा असला तरी. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी ठेवा. रिकाम्या छतावर सामानाचे दांडे असतील तर काढून ठेवा, मोटरवेवर ते हवा अडवतात.

मग गाडीचं खरं ॲव्हरेज काढा. डॅशबोर्डवरचा आकडा थोडा फुगवून दाखवतो, त्यावर जाऊ नका. टाकी काठोकाठ भरा, नोझल आपोआप बंद पडेपर्यंत, आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी पाव उरेपर्यंत नेहमीसारखं चालवा, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. चाललेले मैल भागिले भरलेले लिटर, गुणिले ४.५४६. असं लागोपाठ तीन टाक्यांचं काढून सरासरी घ्या आणि पहिल्या पायरीतल्या तुमच्या फेऱ्यांच्या कागदाशेजारी लिहून ठेवा. पुढे कधी हा आकडा कारणाशिवाय पाच-सहाने खाली आला, तर ब्रेक चिकटतोय, हवा कमी आहे किंवा एखादा सेन्सर गेला आहे. गॅरेजवाल्याला तो कागद दाखवा.